काढा छापताना मापही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी सरली की मराठवाड्यात, विदर्भात मुतखड्याची दुखणी वाढतात. त्याच सुमारास आरोग्य पुरवण्यांमधून आणि मोबाइलवरच्या संदेशांमधून ‘गोखरूचा काढा घ्या, खडा विरघळून पडेल’ अशा चौकटी फिरू लागतात. गोखरूवर माझा काडीचाही राग नाही. चरकाने लघवी साफ करणाऱ्या दहा द्रव्यांच्या यादीत त्याला घेतले आहे, सुश्रुताने मुतखड्यावर त्याचे चूर्ण सांगितले आहे आणि आजही तो वैद्यांच्या रोजच्या वापरात आहे. आक्षेप आहे तो छापील चौकटीवर. गोखरू म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती ग्रॅम, किती पाण्यात, किती दिवस आणि कोणी घेऊ नये, यातले बहुधा काहीच तिथे नसते. पुढचे सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी ओळख. महाराष्ट्रात ‘गोखरू’ या एका नावाने किमान तीन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. औषधातला गोखरू म्हणजे आपला सराटा, शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. जमिनीसरपट पसरणारा वेल, हरभऱ्यासारखी पाने (संस्कृतात त्याला चणद्रुम म्हणतात ते यामुळेच), पाच पाकळ्यांची छोटी पिवळी फुले. फळ वाळले की त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन मोठे व दोन लहान काटे असतात. अनवाणी टाचेत आणि सायकलच्या चाकात घुसतो तो हाच.

दुसरा मोठा गोखरू, पेडॅलियम म्युरेक्स. हे रोप उभे वाढते. फळ चौकोनी, निमुळते, तळाशी चार कोपऱ्यांना चार काटे. याची ओली फांदी पाण्यात फिरवली की पाणी दोन-चार मिनिटांत बुळबुळीत होते, त्यावरून ते लगेच ओळखता येते. लघवीच्या जळजळीत हाही वापरतात. दुकानदाराने सराट्याऐवजी मोठा गोखरू दिला तर गुण थोडा वेगळा, पण अनर्थ होत नाही.

अनर्थ होतो तो तिसऱ्याने. झँथियम स्ट्रुमेरियम नावाचे एक तण गायरानात, नदीकाठी, कापसाच्या बांधावर माजते. काही भागांत त्याला लांडगा म्हणतात, काही भागांत शंकेश्वर, आणि बऱ्याच ठिकाणी चक्क ‘गोखरू’. फळ लांबट अंडाकृती, तपकिरी, सर्वांगावर आकडेदार काटे. त्याच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत यकृत निकामी करणारे विष असते. बांगलादेशात सिल्हेट भागात २००७ साली अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी त्याची कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले आणि त्यांतले १९ दगावले. चौकटीत नुसते ‘गोखरू’ वाचून कोणी बांधावरचे हे काटे गोळा करून उकळले, तर दोष वाचकाला कसा द्यायचा? खेड्यातल्या माणसाला सांगायची सोपी खूण अशी : टाचेत रुततो तो सराटा, जनावराच्या शेपटीला आणि धोतराला चिकटतो तो लांडगा. चिकटणारा कधीही पोटात जाऊ द्यायचा नाही.

आता काढा. शार्ङ्गधराने सांगितलेली रीत अशी की द्रव्याच्या सोळापट पाणी घ्यावे, उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवावे आणि आठवा हिस्सा उरवावा. हल्ली बहुतेक वैद्य चौथा हिस्सा उरवतात, कारण इतका दाट काढा लोकांना पिववत नाही. मोठ्या माणसाच्या एका वेळेसाठी १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, आटून ४० मिली. एवढेसे पाणी घरच्या गॅसवर पटकन करपते, म्हणून दोन्ही वेळचे एकदम करावे : २० ग्रॅम भरड, ३२० मिली पाणी, उरवायचे ८० मिली. आधी भांड्यात मोजून ८० मिली पाणी ओतावे, त्यात स्वच्छ काडी उभी धरून पाण्याच्या रेषेवर खूण करावी आणि मग बाकीचे पाणी घालावे. उकळताना काडी बुडवून पाहिले की अंदाजपंचे काम होत नाही.

फळे वाळलेली, पिकलेली घ्यावीत. काट्यांच्या बेचक्यात माती हमखास असते. ती दोन पाण्यांनी धुऊन, उन्हात पुन्हा खडखडीत वाळवून मग लोखंडी खलबत्त्यात भरडावीत. मिक्सरमध्ये अख्खी फळे घातली तर पाते बोथट होते आणि वरचे पीठ, खाली अख्खे काटे अशी गत होते. भरड रव्यापेक्षा जाड असावी. फार बारीक दळले तर काढा गढूळ होतो आणि गाळला जात नाही, अख्खे टाकले तर कठीण सालीतून अर्क नीट उतरत नाही. वजन काट्यावरच करावे, चमचा इथे उपयोगाचा नाही. अख्खी फळे फुगीर, भरड दाट, त्यामुळे त्याच चमच्यात वजन दुप्पट-तिप्पट बदलते. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे नको, ॲल्युमिनियमही नको. झाकण ठेवू नये. शेवटी दुहेरी फडक्यातून गाळावे, कारण काट्याची कुसळे घशाला लागतात.

निम्मा काढा सकाळी रिकाम्या पोटी घ्यावा, उरलेला संध्याकाळी जेवणाआधी तासभर. संध्याकाळचा वाटा फ्रिजमध्ये ठेवून किंचित कोमट करावा. दुसऱ्या दिवशी जुना काढा वापरू नये. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर ठेवलेला काढा आंबतो, वर फेस येतो आणि मग जुलाब लागले की लोक औषधाला नावे ठेवतात. आणि जुलाबाने शरीरातले पाणी गेले की मुतखड्याला हवे तेच घडते.

चूर्ण घ्यायचे असेल तर ३ ते ६ ग्रॅम, वस्त्रगाळ केलेले. सुश्रुताने ते मध आणि मेंढीच्या दुधाबरोबर सात दिवस सांगितले आहे. हे ‘सात दिवस’ महत्त्वाचे आहेत. काढा असो की चूर्ण, एका खेपेला सात, फार तर चौदा दिवस. पुढे चालू ठेवायचे की नाही ते वैद्याने तपासून ठरवावे. ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ हे वाक्य माझ्या मते आरोग्याच्या मजकुरातले सर्वांत घातक वाक्य आहे. इराणमधल्या एका धडधाकट तरुणाने खडा होऊ नये म्हणून सराट्याचा अर्क दिवसाला दोन-दोन लिटर प्यायला. त्याला झटके आले, यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा झाली. ही नोंद २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आली. ८० मिली आणि २ लिटर यांत पंचवीसपटींचा फरक आहे. तो फरक वाचकाला कळावा म्हणूनच माप छापायचे.

‘विरघळून पडेल’ या शब्दांबद्दल. मुतखड्यांपैकी बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ते पोटात घेतलेल्या कोणत्याही औषधाने विरघळत नाहीत, ना काढ्याने, ना गोळीने. लघवी अल्कधर्मी ठेवून खरोखर विरघळतात ते युरिक ॲसिडचे खडे. त्यासाठी सायट्रेट देतात आणि लघवीचा पीएच, म्हणजे ती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते, मोजत राहावा लागतो. मग गोखरूने होते काय? लघवीचे प्रमाण वाढते, जळजळ कमी होते, आणि लहान खडा वाहून जायला वाव मिळतो. मूत्रनलिकेत उतरलेला ५ मिलिमीटरच्या आतला खडा दहांतल्या सहा-सात जणांत आपोआपही पडतो. त्यामुळे पडलेल्या प्रत्येक खड्याचे श्रेय काढ्याला देता येत नाही. १२ मिलिमीटरचा खडा काढ्याने पडावा अशी आशा धरणे तर रुग्णाचे महिने आणि कधीकधी मूत्रपिंडही वाया घालवणे आहे. हे आजचे मत नव्हे. कोवळा मुतखडा औषधाने साध्य, वाढलेला शस्त्राने काढावा, हे सुश्रुतानेच सांगून ठेवले आहे. आयुर्वेदाच्या नावाने शस्त्रक्रियेची भीती घालणाऱ्यांनी निदान तेवढे तरी वाचावे.

म्हणून काढा सुरू करण्याआधी सोनोग्राफी करून खडा किती मोठा, कुठे आहे आणि मूत्रपिंडाला सूज आहे का ते पाहायचे. मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही तपासायचे. चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ही दुसरी तपासणी लोक टाळतात, कारण दुखायचे थांबलेले असते. पण कळ थांबणे आणि खडा पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्रनलिकेत खडा घट्ट अडकून बसला की काही दिवसांनी कळ शमते, आणि वरचे मूत्रपिंड मात्र फुगत, झिजत राहते. लघवी चहाच्या गाळणीतून गाळून पडलेला खडा सापडला तर तो जपून ठेवावा आणि तपासायला द्यावा. तो कशाचा आहे हे कळले की पुढचे पथ्य ठरते.

पाण्याबद्दल चौकटींत ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच असते. खडा पुन्हा होऊ नये यासाठी मोजायची ती लघवी : चोवीस तासांत किमान अडीच लिटर. एक दिवस मापाच्या भांड्यात मोजून पाहावी. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पाणी पुरेल, परभणीच्या उन्हात ऊसतोड करणाऱ्याला पाच लिटरही पुरणार नाही. मीठ, लोणची, पापड कमी केले की लघवीतून जाणारे कॅल्शियम कमी होते. दूध-दही मात्र बंद करू नये. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते. दूध तोडणाऱ्यांचे खडे उलट वाढू शकतात. धने रात्री सहापट पाण्यात भिजवून सकाळी गाळून घेतलेला धान्यकहिम उन्हाळ्यात छान. कुळथाचे (देशावर हुलग्याचे) कढणही चांगले, पण कुळीथ उष्ण, म्हणून आम्लपित्त असणाऱ्यांनी बेतानेच घ्यावे.

नावांचा गोंधळ गोखरूपुरता नाही. पाषाणभेद म्हणून औषधात धरला जातो तो हिमालयातल्या बर्जेनियाचा कंद. आपल्याकडे कुंडीतल्या पानफुटीलाच पाषाणभेद म्हणतात आणि रोज उपाशीपोटी दोन पाने खायला सांगतात. पानफुटीत हृदयावर काम करणारी द्रव्ये आहेत. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याने ती अजिबात खाऊ नये. पुनर्नवा म्हणजे घेटुळी, बोरहाविया डिफ्यूजा, हिचे मूळ वापरतात. तिच्या जागी मांसल पानांची, ट्रायॅन्थेमा जातीची पांढरी वसू सर्रास विकली जाते. वसूत ऑक्झलेट भरपूर. म्हणजे खडा पाडायला आणलेल्या पुडीतच खड्याचा कच्चा माल.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती आधीच मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांची. ‘किडनी साफ करणारा रस’ या मथळ्याला तेच सर्वाधिक भुलतात, कारण त्यांना डायलिसिसची भीती असते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. ती नळासारखी तुंबत नाहीत आणि रसाने धुतलीही जात नाहीत. ती कमजोर झाली की पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार आहेत, कोथिंबिरीच्या रसात पोटॅशियम आहे, शहाळ्यात भरपूर आहे, श्वेतपर्पटी या आयुर्वेदिक औषधात तर सोराच असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. निरोगी माणसाला यांतले बरेचसे पचते. डायलिसिसवरच्या माणसाचे पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच थोडे चढे असू शकते, त्यांनाही हे लागू. जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग दाखवणारा तपासणीतला आकडा, ६० च्या खाली असेल तर मनाने कोणताही काढा नको.

गोवा-कोकणातल्या वाचकांसाठी दोन फळांचे नाव मुद्दाम घेतो. करमळात (स्टार फ्रूट) मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करणारे विष असते. उचकी थांबत नाही, भ्रम होतो, झटके येतात. बिंबलांचा कच्चा रस पेलाभर पिऊन धडधाकट माणसाचीही मूत्रपिंडे बंद पडल्याच्या नोंदी केरळात आहेत, कारण त्यात ऑक्झलेट प्रचंड. आमटीतली दोन बिंबले वेगळी आणि ‘कोलेस्टेरॉल उतरवायला’ पिलेला पेला वेगळा. पालकाच्या कच्च्या रसाचेही तेच.

अनोळखी पुड्यांचा धोका आणखी निराळा. ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात १९९० च्या सुमारास चिनी वनस्पतींच्या कॅप्सूलमध्ये एका मुळाच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली, अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपली सापसंद, म्हणजे ईश्वरी, त्याच कुळातली आहे आणि गावठी पुड्यांत अजूनही मिसळली जाते. पारा असलेल्या बेभरवशाच्या भस्मांमुळे लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याचे रुग्ण वेल्लूरच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नये, देणारा कितीही सज्जन असो.

आणि काढा बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचे प्रसंग : थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ एकत्र, लघवी पूर्ण बंद, एकच मूत्रपिंड असलेल्याला कळ, न थांबणारी उलटी, गरोदरपणात लघवीची जळजळ. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत विष रक्तात पसरते. साठीच्या पुढच्या पुरुषाची धार बारीक झाली असेल तर आधी प्रोस्टेट तपासावे. पुढची वाट अरुंद असताना लघवी वाढवणारे औषध दिले की मध्यरात्री लघवी कोंडून नळी घालावी लागते. कळीसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दुकानातून आणून आठ-आठ दिवस खाणे हेही थांबवले पाहिजे. पाणी कमी प्यायलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडालाच मारतात.

संपादक महोदय, औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास त्याने बंदी घातली, त्या यादीत मूत्रपिंडाचे आणि मूत्राशयाचे खडे आहेत. तरीही ‘विनाऑपरेशन मुतखडा’ अशा जाहिराती आरोग्य पुरवणीच्या शेजारच्या पानावर मी वाचतो. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर प्रत्येक घटकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण लिहिणे नियमाने बंधनकारक आहे. बाटलीला जो नियम, तो लाखो वाचकांच्या चौकटीला आपण स्वतःहून लावावा, एवढीच मागणी. जागेची अडचण सांगू नये. सराट्याची चौकट इतक्या ओळींत मावते :

सराटा (ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस), पिकून वाळलेली फळे, धुऊन भरडलेली. २० ग्रॅम भरड ३२० मिली पाण्यात उघडी उकळून ८० मिली उरवावी, दुहेरी गाळावी, दोन वेळा विभागून त्याच दिवशी संपवावी. सात दिवस. फक्त ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यासाठी, सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन पाहिल्यावर. मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधे चालू असणारे यांनी वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ताप आला किंवा लघवी थांबली तर काढा बंद करून रुग्णालयात जावे. बांधावरचा चिकट लांडगा हा सराटा नव्हे.

आपला,
एक वैद्य वाचक, बार्शी